सात म्हणजे पास

आमच्या गावातली पहिली बी.एस्सी. मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती बी.एस्सी. झाल्याशिवाय करताच येत नाही. न शिकलेल्या माणसाने पाण्याचा वास घेतला असता, तोंड वाकडं केलं असतं आणि विषय संपला असता.

गाव पेण तालुक्यात. वडखळ सोडून खाडीच्या अंगाला उतरलं की खारेपाट सुरू होतो, त्यात आमचं घर. तिन्ही बाजूंना पाणी, पण प्यायचं म्हणाल तर शिमगा सरला की नळ एक दिवसाआड, मग चार दिवसांआड, आणि शेवटी टँकर. टँकर आळीच्या तोंडाशी दहा मिनिटं थांबतो. तेवढ्यात जे भरलं ते तुमचं. त्यामुळे आमच्याकडे सोयरीक जुळवायला आलेला पाहुणा घराची कौलं बघत नाही, दारापुढचे ड्रम बघतो.

पेणच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन पास झाले आणि मला रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. काम मालाची तपासणी करायचं. टाक्यांतून नमुने येतात, ते आम्ही तपासायचे, ठरल्याप्रमाणे असतील तर पास, नाहीतर परत. रोह्यात दोघी मुलींबरोबर खोली घेतली. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या गाडीने पेण, तिथून वडखळ, पुढे सहा आसनी मिनीडोर रिक्षा, की घर. वडील धरमतरच्या जेट्टीवर बार्जचे दोर ओढत आले जन्मभर. आई घरची भाताची शेती बघायची आणि ओहोटीला खाडीत उतरून कालवं, चिंबोऱ्या आणायची. दोघांनाही माझ्या पांढऱ्या कोटाचं फार. वडिलांनी त्या कोटातला माझा फोटो मोबाईलवर लावून ठेवला होता आणि जेट्टीवर कुणी काही विचारलं नाही तरी दाखवायचे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी घरी पहिली वस्तू नेली ती साडी नाही, मिक्सर नाही. चार निळे ड्रम. रोह्यातल्या एका भंगारवाल्याकडून घेतले, टेम्पोत घालून गावात आणले. जाड प्लास्टिकचे, झाकणाला लोखंडी कडी असलेले. असा ड्रम आळीत एकाकडे होता, आमच्याकडे एकदम चार. मी ते धुतले. नुसते नाही धुतले, लॅबमध्ये काचेची भांडी धुतात तसे: आधी सोडा, मग साबण, मग कढत पाणी, तीनदा. अंगावरची लेबलं थिनर लावून ब्लेडने खरवडून काढली, कारण फाटकी लेबलं दारात वाईट दिसतात. आणि शेवटी पर्समधून पीएचचा कागद काढला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: ही कागदाची पट्टी असते, पाण्यात बुडवली की रंग बदलते. तांबूस झाली तर पाणी आंबट, म्हणजे आम्लाचं. निळी झाली तर सोड्यासारखं. मधला हिरवा आला तर सात, ना इकडचं ना तिकडचं. आमच्या ड्रममधल्या पाण्याचा सात आला. मी उभ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "पास!"

शेजारची काकी कुंपणापाशी येऊन बघत होती. "काय गो, त्या कागदाला पानी कलतं?"

"कळतं काकी. सात आला म्हणजे पास."

"मंग एकदा माज्या सासूच्या तोंडात घाल त्यो."

"कागद जळेल काकी."

काकी हसली ती हसलीच, आणि संध्याकाळपर्यंत आपला ड्रम घेऊन दारात हजर. तिच्या मागून आणखी तिघी. मग दर सुट्टीला हा प्रकार सुरू झाला. लोक कुठून कुठून ड्रम आणायचे, कुणी नागोठण्याहून, कुणी कोलाडच्या पाहुण्याकडून, आणि मी यायची वाट बघायचे. मी पट्टी बुडवायची, रंग बघायची, पास करायची. दोन वर्षांत एकही ड्रम नापास झाला नाही. आता विचार केला की कळतं, होणारच नव्हता. साबणाने तीनदा धुतलेल्या कुठल्याही भांड्यातल्या पाण्याचा सातच्या आसपासच आकडा येतो. पण तेव्हा मला चढली होती, ते लपवत नाही. मला बघून म्हातारी माणसंही ओट्यावरून पाय खाली घ्यायची.

दुसऱ्या वर्षी गावात आरोग्य शिबिर झालं आणि आईची साखर वाढलेली निघाली. फार नाही, पण वाढलेली. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी "खाण्यापिण्याचं बघा" एवढंच सांगितलं, आणि ते बघायचं काम अर्थातच मी घेतलं.

आई काय खायची ते सांगते. सकाळी रात्रीचा उरलेला भात, पाण्यात भिजवून ठेवलेला, किंचित आंबूस झालेला. भात आमच्याच खाऱ्या जमिनीतला, राता नावाच्या तांबड्या तांदळाचा. त्याबरोबर कांदा आणि भाजलेली सुकट. दुपारी वालाची नाहीतर पावट्याची आमटी, घोळ, माठ, जे बांधावर मिळेल ते, आणि खाडीतलं काहीतरी. हे सगळं खाऊन ती दिवसभर चिखलात असायची.

मी वहीच्या पानावर दोन रकाने केले आणि ते पान स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं. बंद: भात, शिळं, आंबलेलं, वाल, सुकट. चालू: पोळी, ओट्स, मधुमेहींसाठी म्हणून लिहिलेली बिस्किटं. वाल मी का बंद केले, ते आजही मला सांगता येत नाही. वातूळ असतात असं कुठेतरी ऐकलं होतं. शिळं बंद केलं कारण शिळं म्हणजे जंतू, आणि जंतू म्हणजे वाईट, एवढं माझं मायक्रोबायॉलॉजीचं ज्ञान.

ओट्सची पहिली वाटी खाऊन आई म्हणाली, "निवडणुकीची पोस्टरं चिकटवाया बरी हाय ही खल." पण खाल्ली. वाईट ह्याचंच वाटतं की तिने सगळं ऐकलं. लपूनछपून भात खाल्ला असता तर बरं झालं असतं. पण शिकलेली पोर सांगते म्हटल्यावर तिने भाताच्या टोपाकडे बघितलंसुद्धा नाही. पोट भरायचं नाही, मग दुपारी चहाबरोबर बिस्किटं. खोक्यावर साखर नाही असं लिहिलेलं, म्हणून अर्धा पुडा. तो मैदाच होता, पण खोक्यावर मैदा मोठ्या अक्षरात लिहीत नाहीत.

माघात ती खाडीत कालवं काढायला गेली आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला शिंपी लागली. आमच्याकडे बायका चिखलात अनवाणीच उतरतात, चप्पल रुतून बसते. असं कापणं नेहमीचंच. तिने हळद-चुना दाबला आणि कुणाला सांगितलं नाही. आठवड्याने अंगठा सुजला तेव्हा नाक्यावरच्या मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, तीन दिवसांनी बरं वाटलं तशी बंद केल्या. पुन्हा सुजला. पुन्हा गोळ्या. तिसऱ्या खेपेला त्या गोळ्या मीच रोह्याहून नेल्या, जरा भारीतल्या.

फाल्गुनात मी घरी आले तर आई पाय खाटेखाली लपवून बसलेली. पाय बाहेर ओढून बघितला. अंगठ्याचं टोक काळं होत चाललं होतं.

त्याच दिवशी तिला पेणला घेऊन गेले. डॉक्टरबाई मध्यम वयाच्या, बोलायला सावकाश. त्यांनी जखम धुतली, साखर बघितली, ती अडीचशेच्या वर. मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मावशी, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाता? सगळं सांगा."

आईने आधी माझ्याकडे बघितलं. "आताचं सांगू का आधीचं? आताचं म्हंजे हिच्या वहीतलं."

"दोन्ही सांगा."

आईने सांगितलं. डॉक्टरबाईंनी गोळ्यांचंही विचारलं, कोणत्या, किती दिवस, केव्हा सोडल्या. मी मान खाली घालून तिन्ही खेपा सांगितल्या. मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. आपल्या आतड्यांत असंख्य सूक्ष्म जीव राहतात. ते आजारवाले जंतू नव्हेत, ते आपले पोसलेले आहेत. आपल्याला जे पचत नाही, वालाची सालं, तांबड्या तांदळाचा कोंडा, पालेभाजीचे दोरे, ते खाऊन ते जगतात आणि त्यातून असे पदार्थ बनवतात की ज्यांनी आतड्याचं अस्तर धड राहतं आणि शरीराला साखर सांभाळायला मदत होते. त्यांचं खाणं बंद करून मैदा पाठवला की ते उपाशी. वरून अर्धवट अँटिबायोटिकच्या तीन खेपा म्हणजे पायातला जंतू मरायचा राहिला आणि पोटातले मात्र मेले.

"एवढंच कारण आहे असं नाही," त्या म्हणाल्या. "वय आहे, घराण्यात साखर आहे का तेही बघायला हवं. पण ह्याने भर पडली असणार."

आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे खांड गेली."

डॉक्टरबाईंना कळलं नाही. मी सांगितलं. आमच्या शेतांना खाडीपासून राखायला मातीचा बांध असतो. उधाणाने त्याला भगदाड पडलं की खांड गेली म्हणतात. खारं पाणी आत शिरतं, आणि पाणी ओसरलं तरी जमीन दोन-तीन वर्षं धड पीक देत नाही. जमिनीतलं जे असतं ते सगळं मरतं.

"बरोबर तेच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि बांध घातल्याबरोबर पीक येत नाही, तेही तेच. वेळ लागतो." मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पाणी कशात साठवता?"

ह्या प्रश्नाला मी मान वर केली. "निळे ड्रम आहेत. मी स्वतः टेस्ट केलेत."

"काय टेस्ट केलंत?"

"पीएच."

"ड्रममध्ये आधी काय होतं?"

लेबल मीच काढलं होतं.

त्यांनी मला झापलं नाही. झापलं असतं तर मी भांडले असते, तेवढा माझा स्वभाव आहे. त्या एवढंच म्हणाल्या की प्लास्टिकमधली आणि कारखान्यांतली काही रसायनं शरीराच्या साखर-चरबीच्या कारभारात ढवळाढवळ करतात, पोटातल्या जिवांनाही सोडत नाहीत, असं आता बरंच वाचायला मिळतं. "तुमच्या आईला त्यानेच झालं असं मी लिहून देणार नाही. कुणीच देऊ शकणार नाही. पण ते पाणी थांबवा."

मग त्यांनी पायाचं सांगितलं. इन्सुलिन आजपासून, ड्रेसिंग रोज. महिन्याभरात काळ्या भागाखालून लाल मांस आलं तर ठीक. नाहीतर अंगठ्याचं टोक काढावं लागेल, आणि साखर अशीच राहिली तर नुसत्या टोकावर भागणार नाही.

आईने एकच विचारलं. "पावसाआधी बांधावं जायाचं हाय मना. तवर होयल का?"

पावसाआधी आमच्याकडे सगळा गाव बांधाला माती लावतो. घरटी एक माणूस. आमच्या घरचं माणूस आईच, वडील जेट्टीवर असल्यामुळे लग्न होऊन आली तेव्हापासून. ती एकही वर्ष चुकलेली नाही आणि हे ती पाहुण्यांना न विचारता सांगते. मला पदवीचं जेवढं, तेवढं तिला त्याचं.

"महिन्याने बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेले ती घरच्या ड्रममधल्या पाण्याची बाटली घेऊनच. आमच्या लॅबच्या मुख्य ज्या मॅडम, त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, मोठ्या मशीनवर चालवून द्या. बाहेरचं सॅम्पल चालवायला मनाई होती, ते त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि चालवलं तरी शोधू काय? मशीनला विचारायला आधी प्रश्न ठाऊक पाहिजे. ड्रममध्ये काय होतं?"

"माहीत नाही."

"आपल्याकडे टाकीतून आलेला नमुना नुसता पीएच बघून सोडशील?"

"नाही मॅडम."

"मग आईला हे पाणी का पाजलंस?"

मला सगळं माहीत होतं, हीच तर गोष्ट आहे. असं प्लास्टिक आतला द्रव शोषून घेतं, धुतल्याने वरवरचं जातं, आत मुरलेलं उन्हात तापलं की हळूहळू पाण्यात उतरतं, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलेलं. लॅबमध्ये ते मला रोज आठवायचं. वडखळला मिनीडोरमध्ये बसलं की आठवेनासं व्हायचं. गावात मला तपासायचं नव्हतंच, मला पास करायचं होतं.

पुढच्या सुट्टीला आळीत घरोघर गेले. सोपं नव्हतं. काकीच्या ओट्यावर सात-आठ बायका जमल्या आणि मी सांगितलं की ह्या ड्रममधलं पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका, माझी तपासणी चुकीची होती.

"म्हंजे कागद खोटा?" काकीने विचारलं.

"कागद खरा. पण तो एवढंच सांगतो की पाणी आंबट नाही. पाण्यात दुसरं काय आहे ते तो सांगत नाही."

"मंग दोन वर्सं आमी काय पिलं?"

"माहीत नाही काकी."

"माहीत नाय कसं? तू तं सायन्स हायस."

एक जण पाठीमागून म्हणाली, "बरं झालं गो आमी नाय शिकलो." बायका हसल्या.

काकीने हसणं थांबवलं आणि कामाचं विचारलं. "टँकर थांबतो धा मिंटं. हंड्या-कळशीत किती मावल?" हा प्रश्न खरा होता. ड्रम फेकून द्या म्हणणं सोपं, पाणी भरायचं कशात? शेवटी असं ठरलं की पिण्याचं आणि रांधायचं हंड्यांत, मडक्यांत, स्टीलच्या पिंपांत, आणि ड्रमचं पाणी फक्त धुण्याला, गुरांनाही नाही. आमच्या घरी मी एक नवी टाकी आणली, पिण्याच्या पाण्यासाठीच बनवलेली. काकीने तिच्याभोवती फेरी मारली. "ही पास का?"

"हिच्यावर लिहिलंय काकी."

"लिवलेलं तं त्या बिस्कुटावं पन व्हतं."

तरी तिनेही पुढच्या महिन्यात तशीच टाकी घेतली. तीन घरांनी अजून घेतलेली नाही, त्यांच्या दारात निळे ड्रमच आहेत, आणि मी गेले की त्या घरच्या बायका मला चहा देतात तो कुठल्या पाण्याचा ते मी विचारत नाही. पिते.

आईच्या बाबतीत मात्र मी परत शहाणपणा करायला गेले. लॅबचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशाने काय झालं ते कळतं. इन्सुलिन तर सुरूच होतं. मी म्हटलं, पहिले दोन आठवडे फक्त पाणी बदलू, मग खाणं बदलू, आकडे लिहून ठेवू.

आई खाटेवर पाय वर करून बसली होती. "माझा अंगठा काय तुज्या बाटलीतला नमुना हाय?"

"आये, तसं नाही, पण नंतर समजायला..."

"तुना समजायला का मना चालायला? महिना हाय माज्याकडं. सगलं एकदम कर."

सगळं एकदम केलं. भिंतीवरचं पान तिने स्वतः फाडलं. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे तांबडा भात परत आला, पण वाटीने मोजून. आधी ती ढीगभर खायची ते दिवसभर चिखलात राबायची म्हणून जिरत होतं, आता खाटेवर बसून तेवढा चालणार नव्हता. वाल, पावटा, घोळ, माठ, मासळी परत आली. सकाळचा भिजवलेला भातही आला, अर्धी वाटी, नव्या टाकीच्या पाण्यातला. तो पहिल्या दिवशी खाताना आईने डोळे मिटले होते, असं वडील सांगतात.

इन्सुलिन वडील द्यायचे, कारण मी सहा दिवस रोह्यात. पहिल्या दिवशी त्यांनी सुई दोनदा उचलून परत ठेवली. आई म्हणाली, "इतकी वर्सं बार्जचं दोर वढलं, आन् ही सुई जड झाली व्हय?"

"दोर वरडत नाय," वडील म्हणाले.

रोज सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी त्यांचा फोन यायचा. आकडा सांगायचे, ठेवून द्यायचे. दोनशे वीस. दोनशे चाळीस. त्या दिवशी मला लॅबमध्ये काही सुचलं नाही. मग एकशे नव्वद. एकदा मी कंपनीच्या बसमध्ये असताना आईनेच फोन घेतला आणि बसमधल्या निम्म्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज पोट साफ झालं गो! लई दिसांनी!" पुढच्या सीटवरचे साहेब मागे वळून बघायला लागले. मी म्हटलं, "बरं झालं आये." आणि खरंच बरं झालं होतं.

महिना भरला तेव्हा आम्ही तिघंही पेणला गेलो. वडील बाहेर बाकावर बसले, आत आले नाहीत. डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली. काळा भाग खपली होऊन कडेने सुटत आला होता. त्यांनी चिमट्याने तो हळूच उचलला, मेलेली कातडी कात्रीने कापली. नख त्याच्याबरोबर गेलं. मी आईच्या तोंडाकडे बघत होते, कारण पायाकडे बघवत नव्हतं.

"बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बघितलं. खाली लाल होतं. ओलं, चकचकीत, लहान मुलाच्या ओठासारखं. त्यांनी बोटाने दाबलं तर आई ओरडली.

"दुखतंय ना? छान," त्या म्हणाल्या. "अंगठा राहतोय."

आईने माझ्याकडे बघितलं नाही, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "अवं, ऱ्हातोय!" बाहेर वडील काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

साखरही उतरली होती, हवी तेवढी नाही. इन्सुलिन चालू राहणार होतं, डोस कमी करून. मला राहवेना. मी विचारलं, "पण नक्की कशाने?"

"इन्सुलिन आणि ड्रेसिंगने, ते तर नक्की," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खाण्याने मदत झाली असणार. पाण्याचं मी सांगू शकत नाही. तुम्ही वेगवेगळं करून बघितलं नाहीत ना."

"उजवा अंगठा व्हता ना," आई म्हणाली, "त्याच्यावं करायचं व्हतं."

डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या. मग गंभीर झाल्या आणि आई ज्याची वाट बघत होती ते सांगितलं. चिखलात उतरायचं नाही. ह्या वर्षी नाहीच, आणि पुढेही अनवाणी कधी नाही. पायाला पुन्हा कापलं तर तिला ते कळणारही नाही कदाचित, पायाच्या नसा थोड्या बधिर झाल्यात. मऊ बूट, आत मोजे, रोज संध्याकाळी तळवे बघायचे.

वडखळला मिनीडोरमध्ये बसल्यावर आई म्हणाली, "घरटी एक माणूस जातं."

वडील म्हणाले, "मी जातो की."

"तुमचा हात जेट्टीवं. आन् तुमची कंबर." मग माझ्याकडे न बघता, "ही जायल."

मी अकरावीला कॉलेजात गेले तेव्हापासून चिखलात पाय घातला नव्हता. घातला नव्हता म्हणजे मुद्दाम घातला नव्हता. कोट चढवला तो त्यासाठीच. पण त्या दिवशी मी नाही म्हणू शकले नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं. सुट्टी टाकली.

बांधाच्या दिवशी सकाळी ओहोटी लागली तसे सगळे जमले. मला बघून काकीने बाकीच्यांना कोपराने ढोसलं. मग मला सगळ्यात ओली बाजू दिली. पायात माझ्या रबरी बूट होते, डॉक्टरबाईंनी आईला जे सांगितलं ते मी स्वतःलाही लावून घेतलं होतं, आणि ते पहिल्या पाच मिनिटांत चिखलाने काठोकाठ भरले. चिखलाचा गोळा कापायचा, पुढच्याच्या हातात द्यायचा, त्याने पुढे, शेवटच्याने बांधाच्या चिरेत बसवायचा. माझे गोळे फुटत होते.

आई वडिलांच्या हाताला धरून आली. पायात नवे मऊ बूट, निळे मोजे. तिला कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची दिली. ती पाच मिनिटं बसली असेल. मग उठली आणि सुक्या वाटेवरून चिखलाच्या कडेपर्यंत आली. सगळ्यांचे हात थांबले. मी तिच्या पायांकडे बघत होते. तिने वाकून बुटाच्या पट्ट्याला हात लावला, पट्टा घट्ट केला आणि तिथेच उभी राहिली.

"वरून थापटू नको गो," ती मला म्हणाली. "खालून दाब. वरून थापटून माती बसत नाय."

मी खालून दाबलं.